युद्धाच्या पिक्चरमधली बंदूक ओळखायची कशी? आधी हात बघा

दोनेक वर्षांखाली मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनाला आमच्या गावात शाळेच्या ग्राउंडवर पडदा लावून १९४८ च्या, निजामाच्या बाजूच्या रझाकारांच्या काळावरचा एक पिक्चर दाखवला. माझ्या शेजारी आमच्या गल्लीतले तात्या बसले होते, वय नव्वदीच्या पुढं, पोरवयात त्यांनी तो काळ डोळ्यानं बघितलेला. पडद्यावर रझाकारांची टोळी गावात शिरायली, सगळ्यांच्या हातात एकसारख्या काळ्या कार्बाइन म्हणजे आखूड बंदुका, भोकाभोकांची नळी, वाकडं मॅगझीन, आणि धडाधड फायरिंग चालू. तात्या हळूच म्हणाले, "बाबा, असल्या नव्हत्या रे तवा. एक बार काढला की बसायचे गज घेऊन ठासत, तेवढ्यात माणसं पिकात पळून जायची." आणि बसल्या जागी हातानं गज ठासायची ॲक्शन करून दाखवली.

ती ॲक्शन माझ्या डोक्यातून गेलीच नाही. तेव्हापासून कुठलाही युद्धाचा पिक्चर बघताना मी आधी नटाचे हात बघतो, बंदूक नंतर. आणि अनुभवानं सांगतो, नावं पाठ करत बसण्यापेक्षा ही पद्धत लई सोपी आहे. अंधारातला सीन असो, धूर असो, कॅमेरा हलत असो, बंदूक नीट दिसत नाही पण हात काय करायलाय ते दिसतं. आणि हे ओळखणं मला महत्त्वाचं वाटतं, कारण प्रत्येक रझाकाराच्या हातात मशीनगन दिली तर मग गावोगावच्या लोकांनी गढीत बसून, माळवदावर दगड गोळा करून मुकाबला केला तो कसा केला हे नवीन पोरांना कळणारच नाही.

आता एकेक पायरी घेऊ. त्याआधी पाच शब्द पक्के करा म्हणजे पुढं अडणार नाही. खांद्याला लावतात तो दस्ता, बोटानं ओढतो तो चाप, वर उचलून पडतो तो घोडा, नळीच्या टोकावर नेम धरायला असते ती माशी, आणि टोकाला लावतात ती संगीन.

बंदुकीच्या आधी साल लिहा

वही घ्या किंवा मोबाईलची नोट उघडा आणि सीनचं साल, जागा, आणि बंदूक कुणाच्या हातात आहे ते लिहा. पलटणीचा शिपाई, पोलीस, रझाकार, गावकरी, एवढं पुरे. मग एकच नियम लक्षात ठेवायचा. सीनच्या सालापेक्षा बंदूक जुनी असली तर चालते, नवी असली तर चूक. बंदुका लई वर्षं जगतात. थ्री नॉट थ्री म्हणजे .३०३ ची रायफल, तिचं जे आखूड मॉडेल आपण सगळ्यांनी गणपतीच्या बंदोबस्तात पोलिसांच्या खांद्यावर बघितलंय ते १९०७ चं आहे, आणि २००८ च्या मुंबई हल्ल्यात सीएसटी स्टेशनवर पोलिसांच्या हातात थ्री नॉट थ्रीच होती. म्हणजे शंभर वर्षं झाली तरी बंदूक ड्युटीवर. त्यामुळं १९४८ च्या सीनमध्ये १८५७ च्या वेळची टोपीची बंदूक दिसली तर हसू नका, ती बरोबर असू शकते. उलटं मात्र होत नाही.

हात काय करतोय

आता खरं काम. गोळी सुटल्यानंतर आणि पुढची सुटायच्या आधी हात काय करतो ते बघायचं.

हात नळीच्या तोंडाकडं गेला, दारू ओतली, गोळी टाकली, गजानं ठासली, तर ती ठासणीची बंदूक, आपल्याकडं भरमार पण म्हणतात. यात पण तीन पिढ्या आहेत आणि त्या ओळखायला मजा येते. सगळ्यात जुनी तोडेदार, तिच्यात पेटता तोडा म्हणजे जळती सुतळी बाजूच्या कानातल्या, म्हणजे छोट्या वाटीतल्या, दारूला लागते. मग आली गारेची, घोड्याच्या तोंडात गारगोटीचा तुकडा, तो पोलादावर घासला की ठिणगी. मग टोपीची, घोड्याखाली छोटी तांब्याची टोपी बसवायची आणि घोडा तिच्यावर आदळतो. गारेच्या बंदुकीत धूर दोन ठिकाणी निघतो, आधी बाजूच्या कानातून फस्स आणि मग नळीतून धडाम. टोपीच्या बंदुकीत कानातला तो मोठा भडका नसतो. स्लो मोशनचा सीन असेल तर हा फरक स्वच्छ दिसतो.

आपल्या भोकरदन तालुक्यातल्या असईची लढाई २३ सप्टेंबर १८०३ ची. उद्या कुणी त्यावर पिक्चर काढला तर इंग्रज सेनापती वेलस्लीच्या पायदळाकडं गारेची ब्राऊन बेस पाहिजे, ३९ इंची नळीची, आणि समोर शिंद्यांच्या कवायती पलटणींकडं पण गारेच्याच बंदुका पाहिजेत, शिवाय तोफा भरपूर, कारण त्या दिवशी इंग्रजांना खरा मार तोफांनीच दिला. तिथं टोपीची बंदूक दाखवली तर ती चूक, टोपी नंतर आली.

१८५७ चा सीन असेल, मग तो मेरठचा असो नाहीतर आमच्या औरंगाबादच्या छावणीतला असो, तर ज्या काडतुसाचा एवढा गाजावाजा झाला ती एनफिल्ड १८५३ ची. लांब नळी, तिला धरून ठेवणारे तीन धातूचे पट्टे, आणि टोपी. शिपाई कागदी काडतूस दातानं फाडतो, दारू नळीत ओततो, ठासतो, गज काढतो, आणि टोपी सगळ्यात शेवटी लावतो. हा क्रम पाठच करा. तयार शिपाई मिनिटाला साधारण तीन बार काढायचा. हिरो न ठासता लागोपाठ दुसरा बार काढत असेल तर समजा एडिटिंगमध्ये कुणी लक्ष दिलेलं नाही.

हात चापाच्या मागच्या लांब लोखंडी दांडीला खाली ओढतोय आणि वरून एकच काडतूस टाकतोय, तर ती मार्टिनी-हेन्री, १८७१ ची. बाहेर घोडा दिसत नाही, बोल्ट म्हणजे मागं-पुढं सरकणारी खिट्टी नाही, एका वेळी एकच गोळी. हिंदी पलटणींकडं ही विसावं शतक उजाडेपर्यंत होती.

हात उजव्या बाजूची मूठ धरून वर, मागं, पुढं, खाली असा चार झटक्यात फिरतोय, तर बोल्टची रायफल. पहिल्या आणि दुसऱ्या महायुद्धाच्या पिक्चरमध्ये निम्म्याहून जास्त बंदुका याच. यातही हाताची जागा बघा. ली-एनफिल्डची, म्हणजे आपल्या थ्री नॉट थ्रीची, मूठ अगदी चापाच्या वर, मागं असते, त्यामुळं शिपायाला रायफल खांद्यावरून काढावीच लागत नाही, नेम धरल्या धरल्या बोल्ट मारता येतो आणि मिनिटाला पंधरा नेमके बार काढणं हे जुन्या फौजेत साधं ट्रेनिंग होतं. जर्मन माऊजरची मूठ थोडी पुढं असते आणि बोल्ट मागं येताना गालाजवळ येतो म्हणून शिपाई डोकं मागं घेताना दिसतो. रशियन मोसिनची मूठ सरळ आडवी बाहेर आलेली, खुंटीसारखी.

आणि हात काहीच करत नाही, फक्त चाप, तर ती आपोआप भरणारी. मग नजर हातावरून उचला आणि मॅगझीनवर न्या.

मॅगझीन कुठं लटकतंय

डाव्या बाजूला आडवं निघालेलं असेल तर स्टेन किंवा स्टर्लिंग. आपल्याकडच्या पिक्चरमध्ये सगळ्यात जास्त घोळ होतो तो इथंच, म्हणून जरा थांबून सांगतो. स्टेन ही १९४१ ची, महायुद्धात घाईघाईत आणि स्वस्तात बनवलेली, बघितली की पाइपाचे तुकडे जोडल्यासारखी वाटते. मॅगझीन सरळ, ३२ गोळ्यांचं, दस्ता म्हणजे लोखंडी नळीचा किंवा वाकवलेल्या सळईचा सांगाडा. स्टर्लिंग ब्रिटिश फौजेत आली १९५३ ला, नंतर ती भारतातही बनली आणि फौजेत, पोलिसात कार्बाइन म्हणून सगळीकडं गेली. तिचं मॅगझीन वाकडं, आणि नळीवर भोकांची बाही अगदी टोकापर्यंत. नुसती भोकं बघून फसू नका बरं का, स्टेनला पण पुढं छोटीशी भोकांची बाही असते पण ती आखूड आणि तिच्यातून नळी उघडी बाहेर आलेली असते. म्हणून खूण धरायची ती मॅगझीनची. सरळ म्हणजे स्टेन, वाकडं म्हणजे स्टर्लिंग. आमच्या गावच्या पडद्यावर होती ती स्टर्लिंग, १९४८ च्या सीनमध्ये निदान पाच वर्षं आधीच पोहोचलेली.

मॅगझीन वरून उभं असेल तर बहुतेक ब्रेन, ही हलकी मशीनगन. आता ब्रेनचं मॅगझीन वाकडं असतं ते काहून, तर थ्री नॉट थ्रीच्या काडतुसाच्या बुडाला कंगोरा असतो, ती एकावर एक रचली की बुडाकडं जाडी वाढत जाते आणि रांग आपोआप वाकते. नंतर भारतानं ब्रेन सेव्हन पॉइंट सिक्स टूच्या (७.६२ मिलिमीटरच्या) काडतुसात बनवली, त्याला तसा कंगोरा नाही, म्हणून ते मॅगझीन जवळजवळ सरळ झालं. म्हणजे इथं हिशोब उलटा, ब्रेनचं वाकडं ते जुनं आणि सरळ ते नवं. १९४४ च्या किंवा १९४८ च्या सीनमध्ये वर सरळ मॅगझीन दिसलं की वहीत लिहून टाका. वर उभ्याच्या जागी ताटासारखं गोल आडवं मॅगझीन आणि नळीभोवती जाड पाइप असेल तर ती लुईस, पहिल्या महायुद्धातली.

खाली लटकणारं असेल आणि पिक्चर इटलीतल्या किंवा ब्रह्मदेशातल्या हिंदी फौजेचा असेल तर थॉमसन, म्हणजे टॉमी गन. नाईक यशवंत घाडगे यांचं नाव आपल्याला माहीत पाहिजे. पाचव्या मराठा लाइट इन्फंट्रीचे, १० जुलै १९४४ ला इटलीत वरच्या टायबर खोऱ्यात सोबतचे सगळे पडल्यावर एकटे मशीनगनच्या मोर्चावर धावून गेले, हातगोळा टाकला, टॉमी गननं एकाला टिपलं, मॅगझीन बदलायला वेळ नव्हता तर तीच बंदूक नळीकडून धरून दस्त्यानं उरलेल्या दोघांना लोळवलं, आणि तिथंच धारातीर्थी पडले. व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. हा सीन कुणी सळईच्या दस्त्याची स्टेन देऊन काढला तर तो प्रसंगच खोटा पडतो, कारण टॉमी गनचा लाकडी दस्ता आणि तिचं साडेचार-पाच किलो वजन हे त्या प्रसंगाचा भाग आहे. थॉमसनमध्ये पण जुनी आणि नवी आहे, बार काढायच्या आधी मागं ओढायची मूठ वरच्या अंगाला असेल तर १९२८ चं मॉडेल, उजव्या बाजूला असेल तर युद्धात सोपं केलेलं.

थ्री नॉट थ्रीचं खानदान

आपल्या पिक्चरमध्ये हीच सगळ्यात जास्त, म्हणून तिचे भाऊबंद वेगळे करता यायला पाहिजेत. नळीचं तोंड बघा. लाकूड थेट टोकापर्यंत आणि समोरून चपटं नाक, नळी बाहेर आलेलीच नाही, तर ती १९०७ चं नंबर एक मार्क तीन, बंगालमधल्या इछापूरच्या बंदूक फॅक्टरीत आपल्याकडं बनायची ती. नळी दोन-तीन बोटं बाहेर आलेली आणि मागं डोळ्याजवळ नेम धरायला बारीक भोक असेल तर नंबर चार, दुसऱ्या महायुद्धातली. नळीच्या टोकाला नरसाळं बसवल्यासारखं आणि बंदूक आखूड, तर नंबर पाच, जंगल कार्बाइन म्हणतात, १९४४ ची. तिन्ही १९४८ मध्ये चालतात.

चालत नाही ती चौथी. १९६२ च्या युद्धानंतर इछापूरनं याच जुन्या मॉडेलवर सेव्हन पॉइंट सिक्स टूची रायफल काढली, टू ए आणि टू ए वन. लांबून बघाल तर जुळी बहीण, तेच चपटं नाक. पण पोटाखालचं मॅगझीन चौकोनी डब्यासारखं, बारा गोळ्यांचं, जुन्याचं दहा गोळ्यांचं आणि तिरकं उतरतं. म्हणून शिपाई बाजूनं उभा राहिला की लगेच पॉज करा आणि चापाच्या पुढं बघा. मी स्वतः दोनदा फसलोय इथं.

गोळ्या मोजायची सवय पण लावा. दहाच्या वर बार झाले आणि पाच-पाचच्या दोन पट्ट्या वरून दाबताना हात दिसला नाही तर नोंद करा. अजून एक, इछापूरनं पोलिसांसाठी .४१० ची मस्केट बनवली होती, दिसायला सेम थ्री नॉट थ्री पण एका वेळी एकच काडतूस. तेव्हा पोलीस शिपाई एकेक गोळी भरताना दाखवला असेल तर लगेच चूक म्हणू नका.

१९४८ च्या सीनमध्ये कुणाकडं काय

१३ सप्टेंबर १९४८ ला सोलापूरच्या बाजूनं फौज नळदुर्गकडं निघाली, बोरी नदीवरचा पूल शाबूत ताब्यात आला, आणि १७ तारखेला निजामानं शस्त्र खाली ठेवली. या पाच दिवसांवर सीन असेल तर हिंदी फौजेकडं थ्री नॉट थ्री, ब्रेन, स्टेन, टॉमी गन, पाण्यानं गार होणारी जाड नळीची विकर्स मशीनगन, आणि शर्मन, स्टुअर्ट रणगाडे. निजामाच्या नियमित फौजेकडं पण इंग्रजी धाटणीचीच हत्यारं, कारण संस्थानी फौजा इंग्रजांच्याच पद्धतीवर उभ्या केलेल्या. म्हणून दोन्हीकडं थ्री नॉट थ्री दिसली तर दिग्दर्शकाचं बरोबर आहे, फरक युनिफॉर्ममध्ये शोधा. शिवाय त्या वर्षी सिडनी कॉटन नावाचा ऑस्ट्रेलियन वैमानिक पाकिस्तानातून विमानानं निजामाला शस्त्रं पोहोचवत होता, तो सगळा माल या हिशोबात धरा.

रझाकारांचं वेगळं. त्यांच्यातल्या बहुतेकांकडं ठासणीच्या बंदुका, तलवारी, भाले, आणि काहींकडं नवी हत्यारं. बारा बोअरची दुनळी पण यायची, ती मधूनच मोडते आणि मागून काडतुसं भरतात, जमीनदारांच्या वाड्यात असायची तशी. तेव्हा अशा टोळीत हत्यारांचा मिसळ-मसाला दिसला पाहिजे. सगळ्यांच्या हातात एकच मॉडेल दिसलं की माझ्या मनात पहिली शंका येते की हे शूटिंगवाल्याच्या पेटीतून आलंय. निजामाविरुद्ध लढणाऱ्या, सरहद्दीवरच्या कॅम्पांतल्या आपल्या लोकांचं पण तेच, हाताला लागेल ते.

बाकीचे काळ पटकन

१९६२ चा चीनच्या युद्धाचा पिक्चर असेल, लडाखमधल्या रेझांग लाचा वगैरे, तर आपल्या जवानाच्या हातात थ्री नॉट थ्रीच पाहिजे. एसएलआर ही आपोआप भरणारी रायफल त्यानंतर आली, लांब, खाली सरळ २० गोळ्यांचं मॅगझीन. १९७१ मध्ये एसएलआर अगदी बरोबर. इन्सास ही तिच्यानंतरची भारतीय रायफल नव्वदच्या दशकातली, ती १९७१ मध्ये दिसली तर सरळ चूक.

अधिकाऱ्याच्या कमरेचं पिस्तूल बघताना परत हाताकडं या. वेब्ली रिव्हॉल्व्हर बिजागरीवर पुढं मोडतं आणि सगळी रिकामी काडतुसं एकदम बाहेर फेकतं. चक्र बाजूला निघत असेल तर ते वेब्ली नाही. चापाच्या पुढं चौकोनी डबा आणि झाडूच्या दांड्यासारखी मूठ म्हणजे माऊजर, १९१४ ला कलकत्त्यात क्रांतिकारकांनी बंदुका विकणाऱ्या रोडा कंपनीची पन्नास माऊजर पळवली होती ती हीच. चंद्रशेखर आझादांचं पिस्तूल मात्र कोल्टचं, चपटं, अलाहाबादच्या संग्रहालयात ठेवलंय, तरी पडद्यावर त्यांच्या हातात काहीही दिलं जातं याचं मला वाईट वाटतं.

पॉज करून बघायची पद्धत

मोबाईलवर होत नाही, कॉम्प्युटर घ्या. व्हीएलसीमध्ये इंग्रजी ई दाबलं की एकेक फ्रेम पुढं सरकते. यूट्यूबवर पॉज करून पूर्णविरामाचं बटण पुढं नेतं आणि स्वल्पविरामाचं मागं. प्रत्येक बंदुकीचे तीन स्क्रीनशॉट काढा, एक पूर्ण बाजूनं, एक नळीच्या तोंडाचा, एक बार भरतानाचा. दस्त्याजवळचा लोखंडी पट्टा दिसला तर नशीब, इंग्रजांच्या काळातल्या रायफलीवर मुकुट कोरलेला असतो आणि स्वातंत्र्यानंतरच्या इछापूरवर अशोकस्तंभाचे सिंह.

मग निकाल देताना घाई करू नका. एका सीनमध्ये एक बंदूक आणि दुसऱ्यात दुसरी असं होतं, कारण पळायच्या सीनला रबराची किंवा लाकडाची देतात आणि जवळच्या शॉटला खरी दिसणारी. रिकामं काडतूस बाहेर पडत नाही, दस्ता खांद्याला धक्का देत नाही, नुसता जाळ दिसतो, तर तो जाळ कॉम्प्युटरवर टाकलेला आहे, पण त्यानं मॉडेल चुकीचं ठरत नाही. खरी हत्यारं बघून डोळा तयार करायचा असेल तर छत्रपती संभाजीनगरचं महापालिकेचं शिवाजी महाराज संग्रहालय, पुण्याचं केळकर संग्रहालय, आणि रणगाड्यांसाठी नगरचं टँक म्युझियम. आणि एक कळकळीनं सांगतो, जुन्या वाड्यात, माळ्यावर ठासणीची बंदूक सापडली तर गज काढून बघू, घोडा ओढून बघू असलं करू नका, कित्येकदा आत जुना बार तसाच भरलेला असतो. हात न लावता पोलीस ठाण्यात कळवा.

त्या गावातल्या पिक्चरची लिंक मला नंतर मिळाली आणि मी तो दोन रात्री फ्रेम-फ्रेमनं बघितला. शेवटाकडं गढीचा सीन आहे, बुरुजावर एक म्हातारा पाटील बंदूक भरतोय, जेमतेम आठ सेकंद. दारू, गोळी, गज तीनदा, गज बाहेर काढून भिंतीला टेकवला, आणि मग कमरेच्या बटव्यातून टोपी काढून अंगठ्यानं दाबून बसवली. वहीत लिहिलं, "टोपीची ठासणी, १९४८, गावकरी, बरोबर. टोपी शेवटी लावली." दुसऱ्या दिवशी तो सीन तात्यांना मोबाईलवर दाखवला. त्यांनी दोनदा बघितला, आणि म्हणाले, "हां. हे हात शिकलेले आहेत."